वारनिसातली पाच बोटं

मु. अकोळ, ता. चिकोडी
आषाढ वद्य पंचमी, शके १८६५

चि. मारुतीराव भावजींस मनुवैनीचा आशीर्वाद, आन तुमच्या कचेरीतल्या खुर्चीलाबी. वि. वि.

न्हाय हो भावजी, मोटारीवर कोंबड्या बसत न्हाईत. एक कोंबडी एकदाच बसलती, तीबी टपावर, आन ती मागल्या ऐतवारी आमी खाल्ली. निपाणीच्या बाजारात तुमाला हे कुणी सांगितलं ते मला कळायला पायजे. तुमी बेळगावात बसून माझ्या मोटारीच्या खोपीतलं बगता, म्हंजे हितं कुणाचा तरी डोळा उसना घेतलाय. कुणाचा ते मी हुडकून काढीन, आन मग त्या डोळ्यात टर्पेट घालीन.

ठरलेलं माझ्या ध्यानात हाय. तुमी अक्षयतृतीयेला ओसरीवर बसून म्हणालता, दादा गेल्यापासनं मोटार नुसती हुबी हाय, पेट्रोल लढाईत गेलं, पावसाळ्यानं पत्रा खाल्ला तर भंगार हुईल. दसऱ्यापतुर पत्र्याला गंज दिसला न्हाय तर मोटार वैनीच्या दारात ऱ्हाईल. दिसला तर ती जयाच्या भावाकडं, गुंडूकडं, त्येच्या गावी मच्छ्याला जाईल, कारण त्यो लष्कराच्या कँपात भाजी पोचवतोय आन त्येला पेट्रोलचं परमिट मिळतंय. मी व्हय म्हणाले. पर एक इचारते. गंज बगायला येणार तुमी, मोटार न्हेणार तुमचा मेव्हणा. मग पंच कोण?

आता मोटारीची हकीकत. जुनं वारनिस पांढुरकं पडून पापुद्र्यागत सुटाय लागलंय. डाव्या दाराच्या बुडाला गंजाचा ठिपका हुता, मसुराएवढा. हुता म्हणते, हाय न्हाय म्हणते. काचकागदानं घासून पत्रा चांदीगत उजळ केला. खालचं अंग डांबरानं सारवलं, मडगारच्या आतल्या बाजूलाबी. तुमच्या दादांचा जुना डायवर तंबाखूच्या वखारीतनं सुटल्यावर चार घटका येतोय, त्येनं चाकं काढून मोटार ठोकळ्यांवर ठिवलीया, म्हंजे रबरावर भार न्हाय. वरनं नवं वारनिस चढवायला पायजे, पर निपाणीत मिळंना. दुकानदार म्हणतोय सगळं लष्करात गेलं. तवा तुमी एक डबा धाडा. गुंडूच्या हातनं नको.

माघात चिंचलीला मायाक्काच्या जत्रंला गेलते, तवा देवीम्होरं ह्या मोटारीसाठीबी हात जोडून आले. लढाई सरंल, पेट्रोल सुटंल, आन मोटार निपाणी-चिकोडी पळंल. तिच्यावर मी भाकरी खाईन. जया लई मायेनं वाढती, पर मला तुमच्या दारात पाट मांडून बसायचं न्हाय. एवढंच माझं म्हणणं हाय, बाकीची सगळी थट्टा.

जयाला आशीर्वाद. तिला म्हणावं नवऱ्याला येवडी साखर घालू नको, त्येची लिवणी चिकट व्हाय लागली. लोभ हाय तेवढा ऱ्हाऊ द्या, घासून पातळ करू नका.

तुमची वैनी
मनुबाई


अनगोळ, बेळगाव
आषाढ अमावास्या

ती. वैनीस मारुतीचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पंच कोण हे वाचून जया हसली आणि मला राग आला. मोटार दादाची, दादा माझा सख्खा भाऊ. मी तिचं वाईट का चिंतीन? गुंडूला द्यायची म्हणालो ते ती चालती राहावी म्हणून.

वारनिसाचा डबा गुंडूबरोबरच पाठवतोय, कारण येत्या गुरुवारी तोच निपाणीला येणार आहे आणि दुसरा माणूस मला माहीत नाही. आत चंद्रुसाची राळ आणि जवसाचं तेल आहे, चांगला माल आहे. कँपातल्या रंगाऱ्याला विचारून लिहितो ते नीट वाचा. आधी धुण्याच्या खाराच्या पाण्यानं मोटार धुवायची आणि खडखडीत वाळू द्यायची. हाताची चरबीसुद्धा पत्र्याला लागू द्यायची नाही. वारनिस पातळ लावायचं, दाट नाही. एक हात पुरता वाळला की बारीक काचकागद हलका फिरवायचा, पुसायचं, मग दुसरा हात. धुळीत लावायचं नाही, ओलीत तर मुळीच नाही. पावसानं उघडीप दिल्याशिवाय डबा उघडू नका. ब्रश सोबत आहे.

आता दुसरं. जुना ड्रायव्हर म्हणजे परशरामच ना? मग सरळ तसं लिहा. दादा असताना तो चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण त्याची बायको जाऊन बरेच दिवस झाले, घरात बाईमाणूस नाही, आणि तुम्ही एकट्या. मोटारीत पितळ आहे, इंजिनाला ठिणगी देणारा मॅग्नेटो आहे, हत्यारं आहेत. अशा मालाला लढाईच्या दिवसांत पाय फुटतात. तो रोज खोपीत येऊन करतो काय? आणि एवढ्या कामाचं त्याला मिळतं काय? फुकट कोण राबतं, वैनी? मला कचेरीत रोज माणसं दिसतात, फुकट कुणीही राबत नाही.

प्रकृतीस जपावं. माया आहेच, ती तुम्ही मागितली नाहीत तरी राहील.

आपला
मारुती


मु. अकोळ
श्रावण वद्य तृतीया

चि. मारुतीराव भावजींस वैनीचा आशीर्वाद. वि. वि.

गावात रॉकेल मिळंना म्हून लोक दिवेलागणीला जेवून झोपत्यात, आन तुमी माझ्या मोटारीला रॉकेल पाजताय! डबा उघडला आन वास आला. मी म्हणलं, ह्येला वारनिस म्हणायचं का कंदील? झाकण आधीच कुणीतरी उचकटलेलं, कडंला मातीची बोटं. मी तुमचं नाव घेत न्हाय. मी कुणाचंच नाव घेत न्हाय. पर ह्यो माल वाळत न्हाय, आन दसऱ्याला मोटार चिकट निघाली तर कुणाचं बरं हुईल, ह्येचा मी बसून बसून इचार केला, आन मला मच्छ्याचीच वाट दिसाय लागली.

सगळं सांगते, माझी चूकबी सांगते. पावसानं उघाडी दिली तवा मी खोप झाडली. धूळ बसावी म्हून भुईवर शेणाचा सडा घातला, मग हात थांबंना, सगळी खोपच सारवून काढली. लखलखीत केली. आन मग दाराला वारनिस लावलं. भुईची ओल वर चढली आन दार दुधात बुडी मारल्यागत पांढरंफेक. मी कपाळावर हात मारून घेतला. तुमचा ब्रशबी म्हातारा, केस गळतंय त्येचं. मग ब्रश टाकला, मऊ लुगड्याची पुरचुंडी केली आन सारवतात तसा हात फिरवून लावलं. येताना बगाल, दारावर सारवणाचं फटकारं दिसतील. दिसू द्यात. माझं घर हाय, माझी भुई हाय, माझी मोटार हाय.

दाराचं पांढरंपण ऊन लागल्यावर गेलं. पर बानेटवर लावलं ते लावलंच. बोट टेकवलं की बोट सुटंना. एक माशी बसलीया ती तशीच हाय, वखारीच्या बाजूनं तंबाखूची भुकटी उडून आलती तीबी बसलीया. आता ह्या मोटारीला वास घेतला की शिंक येती.

तुमी लिवता त्या माणसाचं म्हणाल तर त्यो मॅग्नेटो चोराय येत न्हाय. मॅग्नेटो मी काढून तांदळाच्या गाडग्यात पुरून ठिवलाय, ओल लागू नये म्हून. रोज हात घालून बगते. हत्यारं माझ्या उशाखाली हाईत. त्येला मिळतंय काय म्हणता? च्या मिळतोय. कवा कवा भाकरी. तुमाला कचेरीत कुणी फुकट राबताना दिसत न्हाय, तर एकदा तुमच्या चुलीकडं जाऊन बगा, तितं जया दिसंल.

चांगला डबा धाडा. लोभ असू द्या, आन त्यात काय मिसळू नका.

तुमची वैनी
मनुबाई


अनगोळ, बेळगाव
भाद्रपद शुद्ध द्वितीया

ती. वैनीस मारुतीचा सा. न. वि. वि.

लिहायला लाज वाटते. तुमचं पत्र जयानं मोठ्यानं वाचलं तेव्हा गुंडू इथंच जेवायला बसला होता. तुम्ही त्याचं नाव घेतलं नाही तरी त्याचा घास हातात राहिला. मग कबूल झाला. अर्धं वारनिस त्यानं आपल्या भाजीच्या गाडीला लावलं आणि डबा रॉकेलनं भरून दिला. म्हणतो, बायकांना काय कळतंय असं वाटलं. जयानं त्याला पानावरून उठवला नाही, पण पुढं वाढलंही नाही. तो तसाच बसून राहिला.

तुम्ही माझ्यावर संशय घेतलात. माझी बाजू घेऊन मला भांडायचं होतं, पण भांडायला जागा उरली नाही. नवा डबा निपाणीच्या सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरकडं दिला आहे, झाकणावर लाख लावून माझ्या अंगठीचा ठसा मारलाय. ठसा मोडलेला असला तर डबा घेऊ नका.

बानेटवरचं सगळं खरवडून काढा. चिकट थरावर नवा थर दिला तर तो वरून वाळतो आणि आत तसाच राहतो, असं रंगारी म्हणाला. सगळा कोट वाळल्यावर मेण लावून ठेवा, म्हणजे पाणी वरून ओघळून जाईल. हे मेण महिन्या-दोन महिन्यांनी परत लावावं लागतं. एकदा करून विसरायचं काम नव्हे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बघायला येतो. परशरामाबद्दल तुम्ही थट्टेत बोलून विषय उडवलात, हे माझ्या लक्षात आलं आहे. गुंडूचं निघालं ते निघालं, त्यानं परशराम धुतल्या तांदळाचा होत नाही.

माया आहे, ठशासकट.

आपला
मारुती


मु. अकोळ
आश्विन शुद्ध तृतीया

चि. मारुतीराव भावजींस वैनीचा आशीर्वाद. वि. वि.

ठसा शाबूत हुता. मी तरीबी वास घेऊन बगितला, वाईट वाटून घेऊ नका.

माल असा झकास निगाला की काय सांगू. ह्या खेपंला भुई सारवली न्हाय, निसतं पाणी शिपडून धूळ बसवली आन पुरती वाळू दिली. दारं, मडगार, मागची पेटी, सगळ्याला पातळ हात दिला. एक वाळला की दुसरा, मधी काचकागद. आता दारासमोर हुबं ऱ्हाऊन पदर नीट करावा असं झालंय. परवा आमची शेजारीण शालूबाईची म्हातारी सासू आली आन दारात आपलं तोंड बगून म्हणाली, ही कोण गं थेरडी? मी म्हणलं मोटारीत बसून आलीया.

बानेटचं खरवडाय घेतलं हुतं. निम्मं निगालं आन आभाळ आलं. उघडा पत्रा भिजला असता तर गंज आलाच असता, आन तुमी बोट दावलं असतंत. म्हून घाईनं त्येच्यावरच नवं चढवलं. रंगारी खरं बोलला. वरनं साय धरलीया, खालनं दूधच हाय. हलक्या हातानं बगाल तर कळायचं न्हाय. जोरात दाबू नका.

मेणाचंबी झालं. पोळ्याचं मेण कढत पाण्यात भांडं ठिवून पातळ केलं आन चुलीपासनं लांब, परसात न्हेऊन त्यात टर्पेट घातलं, न्हायतर घर, मोटार आन वैनी एकदमच उजळली असती. तुमच्या दादांच्या फ्लॅनेलच्या बंडीनं घासलं. ती बंडी त्येंच्या अंगावर असताना तवंदी घाटात मोटार तापली की मी उतरून चाकामागं दगड लावायची, आन त्ये म्हणायचे, दगड नको, तूच हुबी ऱ्हा. आता त्याच बंडीनं त्येंची मोटार पुसली. डोळ्यातनं जरा पाणी आलं. ते पाणी मेणावर पडलं आन ओघळून गेलं, म्हंजे मेण बरोबर बसलंय.

खांडेनवमीला मोटारीची पूजा हाय. झेंडूच्या माळा, चाकं न्हाईत म्हून ठोकळ्यांपाशी लिंबं, सगळं साग्रसंगीत. दुसऱ्याच्या दोषासाठी डोळ्यात तेल घालून येताय तर या, पर जेवून जावा. लोभ धरून या, चष्मा धरून नको.

तुमची वैनी
मनुबाई


अनगोळ, बेळगाव
आश्विन वद्य षष्ठी

ती. वैनीस मारुतीचा सा. न. वि. वि.

दसऱ्यानंतर तुमच्या घरून निघालो तेव्हापासून लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितो.

गंज नाही. मी उताणा पडून खालूनसुद्धा बघितलं, माझं धोतर डांबरानं गेलं. कुठंही गंज नाही. मी बोललो होतो, ते पाळायला तयार आहे.

पण बानेट. बानेटवर हळदीकुंकवाची पाच बोटं उमटली आहेत. नुसती वर नाहीत, वारनिसाच्या आत रुतली आहेत. बोटं बारीक आहेत, बाईची आहेत. मी विचारलं तेव्हा तुम्ही ताटात भात वाढत म्हणालात, एका सवाशिणीनं लावलं. कोण सवाशीण? तुमच्या घरात कुणी नाही. मला वाटलं शालूबाई. जाताना तिच्या सासूला विचारलं, तर शालूबाई गणपतीपासून बाळंतपणाला माहेरी आहे. म्हातारी पुढं काही बोलेना. सगळी आळी मला बघून गप्प होत होती. मी लहानपणापासून ज्या दारांत खेळलो, त्या दारांत मला कुणी बस म्हणालं नाही.

दुसरं. उजव्या दाराच्या कडीपाशी बारीक ओरखडे आहेत, चंद्रकोरीसारखे वळलेले. काचेच्या बांगडीचे ते. तुमचा हात मी बघितला, त्यात बांगडी नाही.

तेव्हा मी जे समजायचं ते समजलो. परशराम खोपीत कुणा बाईला आणतो. दादाच्या मोटारीत, दादाच्या घराच्या अंगणात. तुम्हाला ते माहीत आहे, आणि मोटारीच्या कामासाठी तो लागतो म्हणून तुम्ही डोळेझाक करताय. याहून वाईट काही माझ्या मनात येत नाही, आणि आलं तर मी ते येऊ देणार नाही.

वखारीचे मालक माझ्या ओळखीचे आहेत. दिवाळी झाली की त्यांना भेटून परशरामाला कामावरून काढायला सांगणार. मग निपाणी भागात त्याला कुणी उभं करणार नाही. आणि मोटार गुंडूला नाही देणार, पण इथं आणून माझ्या दारात ठेवीन. गंज नाही म्हणून ती तुमची ठरली, हे खरं. पण असल्या जागी मी दादाची वस्तू ठेवू शकत नाही.

माया आहे, म्हणूनच एवढं लिहिलं.

आपला
मारुती


अनगोळ
आश्विन वद्य सप्तमी

ती. आक्कांस जयाचा शि. सा. न. वि. वि.

ह्यांनी काल पत्र टाकलं. मी अडवलं, ऐकलं न्हाई. तुमच्याकडनं आल्यापासून जेवले न्हाईत नीट. तुमच्यावर रागावलेत म्हणून न्हाई, त्या आळीत कुणी बस म्हणालं न्हाई ते लागलंय मनाला.

आक्का, एक विचारते, रागावू नका. तुमची पत्रं मी जपून ठेवलीत, कारण तुमच्या पत्रानं हे घर हसतं. काल सगळी काढून वाचली. जुन्या पत्रांत परशराम असा, परशराम तसा, परशरामानं मोटार खड्ड्यात घातली, परशरामाला भजी आवडतात. पानोपानी परशराम. आणि माघातल्या जत्रेपासून पुढं एकदासुद्धा ते नाव न्हाई. जुना डायवर आहे, तो माणूस आहे, तुम्ही लिवता तो आहे. ह्यांनी सरळ नाव लिहा म्हटलं तरी न्हाई.

मी लग्न होऊन आले तेव्हा ह्यांच्या नावाचा मारुती देवळात आहे म्हणून मी देवळालासुद्धा 'त्या देवाचं देऊळ' म्हणायची. तुम्हीच चिडवलं होतं मला.

ह्यांना पुरुषाच्या डोळ्याला हे दिसलं न्हाई. मी ह्यांना काही बोलले न्हाई, बोलणार न्हाई. ते तुमच्याकडंच ठेवते. पण दिवाळी लांब न्हाई.

तुमच्या मायेतली
जया


मु. अकोळ
आश्विन वद्य द्वादशी

चि. मारुतीराव भावजींस आशीर्वाद. वि. वि.

वखारीच्या मालकाकडं जाऊ नका. हे आधी लिवते, मग बाकीचं. खोपीत कुणी बाहेरची बाई येत न्हाय. शालूबाईचं नाव परत काढू नका, ती बिचारी पोराला पाजत बसलीया माहेरी. आन तिच्या सासूवर रागावू नका. ती गप्प बसली ती माझ्यासाठी. सगळी आळी माझ्यासाठीच गप्प हाय. गावाला ठाऊक हाय, निसतं बेळगावला ठाऊक न्हाय. जयालाबी ठाऊक झालंय. तुमची बायको तुमच्यापरीस हुशार हाय, हे मी लग्नातच सांगितलं हुतं, तुमी हसलात.

बानेटवरचा हात माझा हाय. माप घ्यायचं असंल तर या, पाची बोटं बसत्यात. कडीपाशी ओरखडं हाईत तीबी माझ्याच बांगडीचं, मेण घासताना हात घसरला.

आता म्हणाल, रांडमुंड बाईनं खांडेनवमीला दादाच्या मोटारीला कुंकू लावून पूजा बाटवली. भावजी, तुमच्या दादांच्या मोटारीचं मी वाईट करीन का? जी रीत हाय ती रीत मी मोडली न्हाय. सवाशिणीनं लावलं असं सांगितलं ते खरंच सांगितलं. तुमी कोण सवाशीण म्हून इचारलंत, तवा मी भात वाढला.

तुमी यायच्या दिवशी सकाळी मी कपाळ पुसलं. बांगड्या काढून तांदळाच्या गाडग्यात घातल्या, मॅग्नेटोशेजारी. मग ध्यानात आलं की बानेटवरबी हाय. फडकं घेऊन पळाले. पुसलं, तेल लावून पुसलं, नखानं खरवडलं. निगंना. तुमच्या गुंडूनं रॉकेल घातलं नसतं तर वारनिस दगडागत वाळलं असतं आन कुंकू फुंकरीनं उडून गेलं असतं. ते रुतून बसलं. वाकून मोटारीच्या दारात बगितलं तर माझं कपाळ कोरं आन तिचं भरलेलं. लई लाज वाटली. तुमची न्हाय, मोटारीची. पत्र्यानं धरून ठिवलं आन मी पुसून बसले. आता परत पुसणार न्हाय, तुमी या, कलेक्टर येऊ दे.

आपल्यात आता तसलं करत न्हाईत, हे तुमी कचेरीत लागल्यापासनं म्हणताय. तुमच्या आज्जीला इचारायला ती न्हाय आता. असती तर तिनं सांगितलं असतं, ती तुमच्या आज्ज्याच्या घरात कशी आली. तिच्या हातचं धपाटं खाऊन तुमी येवडं झालाय, काय वाईट झालं न्हाय.

ह्या घरातलं काय माझं ऱ्हात न्हाय, हे मला ठाऊक हाय. मागायचंबी न्हाय. मोटार घेऊन जावा. चाकं खोपीच्या आढ्याला टांगल्यात. मॅग्नेटो जयाच्या हातात देईन, तुमच्या न्हाय. किल्ली चुलीमागच्या कोनाड्यात हाय. मेण संपलं न्हाय, बरणीत हाय, पावसाळ्याच्या आधी आन नंतर मऊ फडक्यानं लावा, गोल हातानं, दाबून न्हाय. मागच्या मडगारच्या सांध्यात पाणी साठतंय तितं बोट घालून पुसा. धूळ कोरडी पुसू नका, ओरखडं पडत्यात, आधी पाणी सोडा. गुंडूला डब्याजवळ येऊ देऊ नका. आन बानेट खरवडू नका. तेवढं माझ्यासाठी करा. कुणी इचारलं तर म्हणा पूजेचं हाय, ते खरंच हाय.

जयाला पोटाशी धरते. लोभ ठिवायचा का न्हाय ते ह्याच्या खालचं वाचून ठरवा, म्हून सही आधी करते.

मनुबाई

माघी पुनवंला चिंचलीत, मायाक्काच्या दारात, परशरामासंगं माझा पाट लागलाय, दुसरं लगीन झालंय. घेतलं बगा नाव. तवापासनं गप्प बसले ती लाजंनं न्हाय, तुमच्या भ्यानंबी न्हाय. सांगितलं असतं तर मोटार गेली असती, आन मला दोनीबी पायजे हुतं.